धातू न घातलेला खळगा

खोका आला तेव्हा ती खुर्चीत जरा तिरकी बसली होती. सरळ बसलं की ओटीपोटात ओढल्यासारखं व्हायचं. दुखायचं नाही, नुसतं ओढायचं. दुखणं दुसऱ्या कुणाचं आणि दोरीचं टोक तेवढं हिच्या हातात दिल्यासारखं. सकाळी दिलेली गुंगी पूर्ण उतरली आहे, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं. गुंगी उतरली की नाही हे ज्याला गुंगी दिली त्याला विचारण्यात अर्थ नसतो, म्हणून तिनंही मान डोलावली होती. घरी जाऊन पडा, म्हणाल्या. ती घरी गेली, पडली, छताकडे पाहिलं, छतानं तिच्याकडे पाहिलं, आणि दोघांनाही बोलायला विषय सुचेना तेव्हा उठून प्रयोगशाळेत आली. आता त्याच दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर थर्मोकोलचा खोका तिच्या टेबलावर ठेवून पेनासाठी स्वतःचे खिसे चाचपत होता. "एकच बाटली आहे आज," तो म्हणाला. "बाई एकच होत्या म्हणे. नाहीतर कशी रांग असते!" त्याला पेन सापडलं, तिनं सही केली, तो गेला. आणि मग हिरव्या पडद्याआडची नर्स तिला आठवली, उशी सारखी करत म्हणाली होती, "आज तुम्ही एकट्याच हो. आरामात पडा, मागे घाई करणारं कुणी नाही." तिनं खोक्याच्या झाकणाला हात लावला. आत बर्फ नव्हता, कोमट पाण्याच्या पिशव्या होत्या. या जिन्नसाला थंडी सोसत नाही. झाकण कोमट लागत होतं. आपल्याच अंगाला आपण बाहेरून हात लावतो आहोत हे तिला कळलं, पण कुणी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसं, दुरून.

तिचं काम सांगायला सोपं होतं आणि कुणाला सांगितलं की समोरचा माणूस ताबडतोब हवापाण्यावर यायचा. स्त्रीच्या अंडाशयात प्रत्येक बीजाभोवती काही पेशी दाटीवाटीनं बसलेल्या असतात. त्या बीजाला खाऊपिऊ घालतात, निरोप पोचवतात, वाढवतात. मूल हवं असलेल्या बायकांच्या अंडाशयातून डॉक्टर सुईनं बीज काढून घेतात, आणि मागे जो पिवळसर द्राव उरतो त्यात या सांभाळणाऱ्या पेशी तरंगत राहतात. दवाखान्याला त्यांचा उपयोग नसतो. मोरीत जायच्या त्या इथे येतात. इथे ती त्यांना खळग्याखळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत वाढवायची आणि मग त्यांना धातू पाजायची, अगदी लेशमात्र. थोडं तांबं, थोडं जस्त, नावापुरतं सेलेनियम यांच्याशिवाय पेशीचं पान हलत नाही. त्याच तांब्याचं प्रमाण जरा चढलं की ती गाशा गुंडाळते. कॅडमियमचा मात्र कुणालाच कशालाही उपयोग नाही. ते येतं, जस्ताच्या खुर्चीत जस्तासारखा चेहरा करून बसतं, आणि पुढची वीस-तीस वर्षं उठत नाही. अशांना बाहेरच्या जगात आपण कमिट्यांवर घेतो. अशा धातूमुळे पेशी मरतात, आणि पेशीला मरायच्या दोन रीती आहेत. एक फुटून, आतलं सगळं शेजाऱ्यांच्या दारात सांडून, वस्तीला त्रास देत. दुसरी शहाण्यासारखी: आवराआवर करायची, स्वतःचेच तुकडे करून त्यांच्या नीट पुड्या बांधायच्या आणि शेजारणींनी त्या गुपचूप गिळून टाकायच्या, गेली हे कुणाला कळतसुद्धा नाही. ही दुसरी रीत तिला का कोण जाणे, पहिल्यापासून घरची वाटायची.

बाटली कुणाची आहे हे इथे कुणाला कळू नये असा नियम होता, आणि बाटलीवर फक्त आकडा असायचा. नियम चांगला होता. "उरलेला द्राव संशोधनासाठी देण्यास माझी हरकत नाही," हे दवाखान्याच्या कागदावरचं वाक्यही तिनंच पूर्वी लिहून दिलं होतं. सकाळी पाय गार पडलेले असताना त्याच वाक्याखाली सही करताना तिला एवढंच वाटलं होतं, की वाक्य जरा ताठ झालंय. आता नियमाप्रमाणे तिनं उठून सरांच्या खोलीत जायला हवं होतं. सर, हा नमुना माझा आहे. सर चष्मा काढतील, पुसतील, अरेरे म्हणतील आणि बाटली ब्लीचमध्ये ओतायला सांगतील; दुसरं काही सांगणं त्यांना शक्यच नव्हतं. तिनं ओतण्याचं चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मग कॅडमियम घालण्याचं आणून पाहिलं. दोन्ही चित्रांना रंग येईना. तोवर तिच्या हातांनी बाटली उघडली होती. हातांना सवय होती. त्यांनी द्राव फिरवला, रक्त वेगळं केलं, पेशी धुतल्या, खळग्यांत सारख्या वाटल्या आणि ताटली इन्क्युबेटरमध्ये सरकवली. त्यांनी तिला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं हे तिलाही माहीत नव्हतं.

द्रावाचे थोडे थेंब बाजूला काढावे लागत. बाहेरून धातू पाजण्याआधी बाईच्या अंगात मुळात किती आहे ते पाहायचं असतं. तळघरातलं मशीन ते सांगतं. ती कुपी बंद करताना मात्र हात जरा थांबले. तिचे वडील जुन्या बॅटऱ्या फोडायचे. घरामागेच पत्र्याची शेड होती. मोठ्या बॅटऱ्या, छोट्या बॅटऱ्या, घण, छिन्नी, आणि सगळीकडे राखेपेक्षा बारीक करडी पूड. संध्याकाळी ते दारातच शर्ट काढून आईकडे फेकायचे, आणि तो शर्ट आईपर्यंत पोचायच्या आत ही धावत जाऊन त्यात तोंड खुपसायची. आई ओरडायची, "अगं ए, घाण आहे ती!" वडील म्हणायचे, "असू दे गं. कष्टाची आहे." त्या शर्टाला एक वास होता. नाणं जिभेवर ठेवल्यासारखा. पुढे शिकताना कॅडमियमवरचं पहिलं व्याख्यान ऐकलं तेव्हा वर्गात बाकीच्या मुली लिहून घेत होत्या आणि हिच्या जिभेवर नाणं आलं होतं. वडिलांना तिनं कधी काही विचारलं नाही. नंतर ते हृदयविकारानं गेले, म्हणजे असल्या आजारानं की ज्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नाही. आणि आता, चाळिशी यायला अजून अवकाश असताना, डॉक्टरीणबाई पडद्यावर तिचं अंडाशय दाखवत म्हणाल्या होत्या, "वयाच्या मानानं फार लवकर दमलंय हो हे. कारण सांगता येत नाही. आता एकदाच सुई लावू. यानंतर मी तुम्हाला हो म्हणणार नाही, आणि दुसरं कुणी हो म्हणालं तर जाऊ नका." त्या शेवटच्या सुईला आज सकाळी एक बीज लागलं होतं. एकच. कारण सांगता येत नाही म्हणणाऱ्या बाईंना तिनं शेडबद्दल सांगितलं नव्हतं. आपल्या माणसाला असं परक्यासमोर उभं करायचं तिच्या जिवावर आलं होतं. आता मशीन सांगेल, तिनं मनाशी म्हटलं, आणि कुपीवर आकडा लिहिला.

"कशी आहेस?" नवऱ्यानं घरी आल्या आल्या विचारलं. तो इमारतींच्या लिफ्टा तपासायचा. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या भोकांत दोर चाचपून आल्यावर घरी त्याला फार मोठ्यानं बोलायची सवय होती. "ठीक." "दुखतंय?" "नाही." "मग काय वाटतंय?" "काही नाही." "काही नाही म्हणजे बरं, की काही नाही म्हणजे काही नाही?" त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भात लावायला गेला. स्वयंपाकघरातून तो ओरडला, "ताईचा फोन आला होता. म्हणाली, वहिनीला सांग, आनंदी राहा. आनंदी राहिलं की राहतं म्हणे." "तिला सांग, मी प्रयत्न करते." "मी सांगितलं. म्हणालो, आनंदी आहे, झोपलीये." तिला हसू यायला हवं होतं. हसण्यासाठी लागणारे स्नायू तिनं हलवूनही पाहिले. बाटलीबद्दल ती त्याला सांगणार होती. पण तो ताट वाढून आला, ताटात भाताचा डोंगर होता, आणि डोंगरासमोर अशी गोष्ट कशी काढायची ते तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचा फोन आला: फळलं. नवऱ्याचं शुक्रबीज आणि तिचं ते एकुलतं एक बीज यांचं जमलं होतं. आता ते काचेत वाढेल, एकाचं दोन, दोनाचं चार. दोन दिवसांनी पुन्हा फोन करू, तोवर नीट वाढत असेल तर आत ठेवायचा दिवस ठरवू. नवरा बूट घालत होता. त्यानं एकच बूट घालून खोलीभर फेरी मारली. "निघाली!" तो म्हणाला. "लिफ्ट निघाली गं. मजला यायचाय, पण निघाली तर!" आणि दुसरा बूट शोधू लागला, जो त्याच्या हातात होता. ती खिडकीशी उभी होती. आनंद झाला असणार असं तिला वाटलं. बधिर झालेल्या ओठांना चहा गरम लागत नाही, पण चहा गरम असतोच ना, तसा.

त्या दिवशी दुपारी ताटलीत धातू घालायचा होता. घालायचं काम तिचं नव्हतं. मोजणारा हात वेगळा आणि घालणारा हात वेगळा, हा इथला शिरस्ता. कुठल्या खळग्यात काय आहे हे मोजणाऱ्याला ठाऊक असलं की त्याचा डोळा आपोआप पाहिजे ते मोजतो. घालणाऱ्याला सगळे जावई म्हणत. नुकताच पदवी घेऊन आला होता, कामात चोख, पण वापरलेली काचेची भांडी टेबलावर तशीच ठेवून निघून जायचा, जशी काही सासुरवाडीच आहे. त्याच्या हाती देण्याआधी ती ताटली इन्क्युबेटरमधून काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरून बसली. रात्रीतून पेशी तळाला चिकटल्या होत्या. एकमेकींकडे हात पसरून, जागा करून घेत, बिऱ्हाड थाटत होत्या. ज्याच्यासाठी बसायचं ते बीज त्यांच्यात नव्हतं. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या काचेत, दुसऱ्या उबेत एकाचं दोन होत होतं. यांना कुणी कळवलं नव्हतं. या आपल्या मधे जागा ठेवून बसल्या होत्या.

"ताई, द्या ना," जावई म्हणाला. ताटली तिच्या हातात होती. संसर्ग झालाय म्हणता आलं असतं. खळगे सुकले म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांत ती खोटं बोलली नव्हती, म्हणजे तिचं खोटं सहज चाललं असतं. तिनं ताटली पुढे केली. "जरा सांभाळून," ती म्हणाली. जावई थबकला. "कॅडमियम घालायचंय, ताई. साखर नाही." "तरी." "सांभाळून मारतो," तो म्हणाला, आणि स्वतःच्या विनोदावर खूश होत काचेच्या कपाटाआड बसला. पिपेटचा खटका तिला ऐकू येत होता. सगळं दोन दोन खळग्यांत, एक मोजायला आणि एक जोडीचा, मोजणी चुकलीच तर. कॅडमियम, शिसं, तांबं, जस्त, सेलेनियम; आणि एक खळगा असा की ज्यात काहीच घालायचं नाही, नुसतं पाणी, म्हणजे बाकीच्यांची तुलना कशाशी करायची ते कळावं. काहीच न घातलेला. तिला वाटलं, हे म्हणणं किती सोपं आहे. त्या खळग्यात शर्ट होता, शेड होती, दारातली धाव होती. पेशी कोऱ्या नसतात. कुणीतरी आधीच येऊन काहीतरी घालून गेलेलं असतं, प्रेमानंसुद्धा.

मोजायचा दिवस आला तेव्हा पोटातलं ओढणं थांबलं होतं आणि त्याची जागा कशानंच घेतली नव्हती. पेशी मोजताना त्यांना निळा रंग देतात. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, चकचकीत राहते. मेलेली जो येईल त्याला आत घेते आणि निळी होते. माणसांत बरेचदा उलटं दिसतं, पण ते असो. तिच्या डाव्या हातात जिवंत मोजायचा खटका होता आणि उजव्या हातात मेलेल्यांचा. एकदा डोळा भिंगाला लागला की मधे उठायचं नसतं. आकडा हरवतो, आणि निळा रंग जास्त वेळ राहिला तर जिवंत पेशींनाही बाधतो. म्हणजे मोजणाराच मारणारा ठरतो. पहिल्या खळग्यात निळं कमी होतं. दुसऱ्यात सगळी पेठ निळी. तिसऱ्याच्या मध्यावर असताना टेबलावरचा फोन थरथरू लागला. दवाखान्याचा होता, डोळा न काढताही तिला ते माहीत होतं, दोन दिवस ती दुसऱ्या कशाची वाट पाहतच नव्हती. डावा, डावा, उजवा, डावा. फोन टेबलावरून सरकत सरकत काठाशी आला. जावई म्हणाला, "ताई, फोन." "मोजतेय." "मी घेऊ?" "नको." डावा, उजवा, उजवा. सगळ्या आयुष्याचं उत्तर टेबलाच्या काठावर थरथरत होतं आणि ही बाई खटके दाबत होती. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसानं भिंग बाजूला सारून फोन घेतला असता. तिला मात्र त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं की आकडा हरवता कामा नये. फोन थांबला. ती चौथ्या खळग्याकडे वळली. पुढे पुन्हा एकदा थरथरला, मग पुन्हा; ते नवऱ्याचे होते. दवाखान्यानं ही सापडेना म्हणून त्याला गाठलं असणार.

सगळे खळगे मोजून, आकडे जावयाकडे देऊन, हात धुऊन, पुसून तिनं फोन उचलला. "अरे, कुठे आहेस?" "खाली. तुमच्या फाटकाशी." "इथे कसा?" "या बाजूला एक लिफ्ट होती," तो म्हणाला. या बाजूला सगळ्या बैठ्या इमारती होत्या; लिफ्ट म्हणायला औषधालासुद्धा नव्हती. तो इतकं हळू बोलत होता की तिला आवाज ओळखायला क्षणभर लागला. "वर ये," ती म्हणाली. वर म्हणजे सहा पायऱ्या. तो आला, हातात पिशवी, पिशवीत केळी. रिकाम्या हातानं यायचं नसतं हे त्याच्या आईनं त्याला शिकवलं होतं, आणि कुठे काय घेऊन जायचं ते शिकवायचं राहिलं होतं. "थांबलं म्हणाल्या," तो म्हणाला. "चारपर्यंत गेलं. मग नाही. त्या म्हणाल्या, काल रात्रीच थांबलं असेल. कुणाचं काही चुकलं नाही म्हणाल्या." "हं," ती म्हणाली. "तू फोन का नाही घेतलास?" "मोजत होते." त्यानं मान हलवली, जणू हे कारण त्याला पटलं, आणि खरंच पटलं असावं, कारण दोर तपासताना तोही फोन घेत नसे. "केळी आणलीत," तो म्हणाला. तिनं पिशवी घेतली. रडू येईल म्हणून ती थोडी थांबली. आलं नाही. ट्यूबलाइट गुणगुणत होती.

तेवढ्यात जावई तळघरातून वर आला, एका दमात दोन बातम्या घेऊन. आज त्याच्या कामाला फळ आलं होतं आणि समोर पाहुणा कोण उभा आहे हे पाहायलाही तो थांबला नाही. "ताई, दुसरा खळगा कॅडमियम! साफ. आणि पहिला म्हणजे काहीच न घातलेला. काय पेशी आहेत हो! वर्षभरात असा नमुना आला नाही. मशीनवर पण बघितलं. कॅडमियम, शिसं, सगळं चारचौघींसारखं. उलट जरा कमीच. या बाई कोण असतील त्या असोत, अंगात काही म्हणता काही खोट नाही. बघा तुम्ही, यांना नक्की मूल होणार." "बघू," ती म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं, पण तिचा बघू त्याच्या ओळखीचा होता.

चारचौघींसारखं. म्हणजे शर्ट नव्हता. शेड नव्हती. इतकी वर्षं ती त्या करड्या पुडीला मनाच्या एका कोपऱ्यात जपून बसली होती, कधीतरी लागेल म्हणून, दोष ठेवायला एक जागा असावी म्हणून. आणि आता मशीननं येऊन ती जागाही झाडून घेतली होती. वडील सुटले. तिला बरं वाटायला हवं होतं. वडील सुटले आणि कुणीच अडकलं नाही. पेशी ठणठणीत, धातू बेताचे, सुई नीट, काच स्वच्छ, ऊब बरोबर, आणि तरी चारावर थांबलं. कारण नसलेली गोष्ट धरायला कुठून धरतात हे तिला कुठल्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

"ताई, जोडीचे खळगे अजून आत आहेत," जावई म्हणाला. "मोजणी लागली बरोबर. ते ब्लीचमध्ये ओतून टाकू ना? उद्यापासून दोन दिवस सुट्टी, खुराक बदलायला कुणी नाही." "तू जा," ती म्हणाली. "मी ओतते." तो टेबलावर भांडी तशीच ठेवून निघून गेला. ती इन्क्युबेटरपाशी गेली. नवरा मागे मागे आला, हात पाठीशी बांधून, काही फुटू नये अशा बेतानं. तिनं दार उघडलं, आतली ओलसर ऊब दोघांच्या तोंडावर आली. तिनं ताटली काढली, काहीच न घातलेला जोडीचा खळगा भिंगाखाली आणला आणि बाजूला झाली. "बघ." तो वाकला, एक डोळा मिटायचा की दोन्ही उघडे ठेवायचे यात थोडा वेळ घालवला. "काय आहे हे?" "माझ्या पेशी. त्या सकाळच्या. बीजाभोवतीच्या." तो बराच वेळ डोळा लावून राहिला. तो काही विचारेल, हे इथे कसं, तू सांगितलं का नाहीस. ती उत्तरं गोळा करत राहिली. "हलतायत," तो शेवटी म्हणाला. "हलत नाहीत. तसं वाटतं." "काय करतायत मग?" "वाढतायत." "कशासाठी?" तिनं भिंगाखालचा दिवा जरा मंद केला. त्यानं विचारलं, "किती दिवस राहतात अशा?" "खायला घातलं तर आणखी थोडे दिवस. मग आपोआप थांबतात." तो सरळ उभा राहिला. डोळ्याभोवती भिंगाची गोल खूण उमटली होती. ब्लीचची बाटली तिच्या कोपराशी होती, झाकण काढलेलं. तिनं ताटली उचलली. बोटांना तिची ऊब लागली, आणि या खेपेला ती दुरून लागली नाही.

"अगं, आत ठेव ना," तो म्हणाला. "इथे गार आहे."

तिनं ताटली आत ठेवली, दार लावलं. "रविवारी यावं लागेल," ती म्हणाली.

"येऊ," तो म्हणाला, आणि टेबलावरची जावयाची भांडी उचलून मोरीकडे निघाला.